गिऱ्हाइकानं कौतुक करू नये

त्यानं खिशातून रुपयाचं नाणं काढलं, स्वयंपाकघरात उकिडवा बसला आणि ओट्याजवळची टाइल वाजवली. टण टण. शेजारची वाजवली. टण टण. मग खिडकीखालची वाजवली आणि तिथं आवाज बदलला. भद्द. त्यानं मान हलवली, मोबाइलमध्ये काहीतरी टिपलं, आणि मला वाटलं हा माणूस माझ्याच पाठीवर नाणं वाजवतोय. वय काय तर तिशीसुद्धा नाही. पंकज नाव. कल्याणहून आलेला व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवून देणारा. पांढरे बूट दारात नीट जोडीनं काढून आत आलेला, मोजे मात्र अंगठ्याला फाटलेले. ह्यानं माझ्या नऊ वर्षांच्या घराला एका रुपयात पोकळ ठरवावं? मी म्हणाले, "ती तेवढी एकच आहे. बाकी अख्ख्या घरात वाजवत फिरा, दुसरी सापडली तर नाव बदलीन." बोलले आणि जीभ चावली. कारण मला बोलायचंच नव्हतं.

बोलायचं नाही असं हेतलमॅडमनी, माझ्या वकीलबाईंनी, तीन-तीनदा बजावलं होतं. स्नेहल, घर तुम्हाला ठेवायचंय ना, मग ऐका. घराची जी किंमत ठरेल तिची अर्धी तुम्ही नवऱ्याला द्यायची आणि कागदावरून त्याचं नाव उतरवायचं. घर जेवढं स्वस्त, तेवढं तुमचं भलं. अठरा लाख ठरले तर नऊ द्याल. नऊची सोय माझ्याकडे होती, पतपेढीचं कर्ज आणि आईच्या पाटल्या धरून. नऊच्या वर एक लाख जरी गेला तरी घर विकायचं आणि आलेले पैसे वाटून घ्यायचे, असं दोन्ही वकिलांनी लिहून ठेवलं होतं. तेव्हा तो माणूस येईल त्या दिवशी झाडूसुद्धा मारू नका, ओल दिसू द्या, भांडी पडू द्या, म्हणाल्या. मी हो हो म्हटलं. आणि सकाळी पाचला उठून फरशी दोनदा पुसली, खिडक्यांच्या जाळ्या काढून घासल्या, पडदे बदलले, पुढच्या ओट्यावर रांगोळी काढली. रांगोळी! घटस्फोटाच्या कामाला आलेल्या माणसासाठी. हात थांबेचनात. वेड लागल्यासारखी मी घरभर फिरत होते आणि छाती अशी धडधडत होती की लग्नाच्या दिवशीही धडधडली नसेल. कुणीतरी येणार होतं आणि माझं घर बघणार होतं, खोली खोली, कोपरा कोपरा. तीन वर्षांत ह्या घराकडे नीट बघायला कुणी आलं नव्हतं. सतीशही नाही. सतीश म्हणजे नवरा, अजून चार-सहा महिने तरी. तो तीन वर्षं आसनगावला भाड्याच्या खोलीत राहतो, भिवंडीच्या गोदामात सुपरवायझर आहे, आणि आज एसटीनं आमच्या शेणव्याला उतरून पाहुण्यासारखा दाराशी उभा होता. चप्पल कुठे काढायची ते विसरल्यासारखा.

माझे वडील बाळाराम वर असतील तिथून मला बघत असतील तर कपाळाला हात लावत असतील, हेही मला तेव्हाच वाटलं. ते टोकावड्याचे. घरची भातशेती होती, पण नाव होतं ते म्हसा गावच्या जत्रेतले बैलांचे दलाल म्हणून. पौष उजाडला की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, आणि मी त्यांच्या बोटाला. घोंगड्यांचे ढीग, धूळ, शेण, हजारो जनावरं, आणि त्या सगळ्या गलक्यात सगळ्यात महत्त्वाचं बोलणं मात्र मुक्यानं व्हायचं. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हात घालायचे आणि बोटांनी भाव करायचे. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, पंजा धरला की पाच. पंजा धरून वर तीन बोटं दाबली की आठ. आकडा शेकड्यातला की हजारातला ते आधी तोंडानं ठरवून घ्यायचं. बाहेर माणसं दाटीनं उभी, पण कुणाला काही कळायचं नाही. दोघांची तोंडं मख्ख आणि उपरणं तेवढं हलतंय. सौदा पटला की उपरणं ओढून काढायचं, ते काम दलालाचं, आणि एकदा उपरणं निघालं की कुणाच्या बापाला शब्द फिरवता येत नाही, असं अण्णा सांगायचे. अण्णा म्हणजे वडील. आणि दुसरं सांगायचे ते हे, की गिऱ्हाइकानं कौतुक करू नये. बैल मनात भरला तर त्याच्याकडे पाठ कर. शेपटीवरची माशी बघ. खूर वाकडा म्हण, नसला तरी म्हण. तोंडातून एकदा 'वा' निघालं की हजार रुपये गेले. मी त्यांची मुलगी. सात वर्षांची असल्यापासून ऐकलेलं. आणि मी गिऱ्हाईक होते. ह्या घराची मी गिऱ्हाईक होते, आणि सतीश विकणारा, आणि हा पोरगेलासा पंकज माझ्या बैलाचे दात बघत होता.

पण तो चुकीचे दात बघत होता, त्याला मी काय करू? त्याच्याकडे एक लहानसं यंत्र होतं. ते भिंतीला टेकवलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडायचा आणि लांबी कळायची. ठिपका माझ्या हॉलवरून गेला, देवळीवरून गेला, अण्णांच्या फोटोवर क्षणभर थांबला. पंकज आपला पुटपुटत टिपत होता, की ग्रामीण बांधकाम, लोड बेअरिंग, म्हणजे नुसत्या भिंतींवर तोललेलं, साधारण दर्जा. साधारण! माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी म्हणाले, साहेब, लोड बेअरिंग कुठे, आठ कॉलम आहेत, पाया सहा फूट खाली नेलाय, कातळ लागेपर्यंत. ही बघा सळयांची बिलं. आणि खरंच मी कपाटातून फाइल काढली. कुणी सांगितलं होतं काढायला? कुणी नाही. पण बिलं हातात आली आणि ते दिवस असे भडाभडा वर आले की मला थांबवेना. पाया खणला तेव्हा मी त्या खड्ड्यात उतरून उभी राहिले होते, डोक्याच्या वर जमीन, आणि सतीश वरून वाकून विचारत होता, खोल वाटतं का? भिंती उभ्या राहिल्या तेव्हा सकाळी साडेसहाला मी पाइप धरून त्यांना पाणी मारायची, मग शहापूरच्या लॅबमध्ये जाऊन रक्त काढायची, मग येऊन परत पाणी मारायची. माझं काम तेच, रक्त काढायचं. दिवसाला चाळीस-पन्नास हात धरते मी. नस डोळ्यांना दिसत नाही, ती बोटाला लागते, हे आम्हाला शिकवावं लागत नाही, येतंच. त्या दिवसांत मला ओल्या विटेवर हात ठेवला की कळायचं, हिला अजून पाणी हवंय. आणि स्लॅबचा दिवस! गावातली पंचवीस माणसं, माहेरचे दहा जण. घमेली हातोहात वर चाललीत, धोंडीमिस्त्री वर उभा राहून ओरडतोय, खाली तीन दगडांवर कोंबडीचा रस्सा रटरटतोय. धोंडी हा आमचा गवंडी. सतीशच्या केसांत सिमेंट, माझ्या भुवयांत सिमेंट, आणि आम्ही दोघं दिवसभर नुसते भांडत होतो, ह्याला वाढलं का, त्याला पाणी दिलं का, खडी कमी पडेल असं मी सांगितलेलं का नाही. दोन वर्षं बांधकाम चाललं आणि दोन वर्षं आम्ही रोज भांडलो. टाइल, दरवाजे, खिडकी उजवीकडे का डावीकडे. घर पूर्ण झालं आणि भांडायला काही उरलं नाही. मूल झालं नाही, त्यावरूनसुद्धा आम्ही भांडलो नाही. लोक भांडणं वाढली म्हणून वेगळे होतात, आम्ही संपली म्हणून झालो. हे कोर्टात कुठल्या रकान्यात लिहायचं?

तर मी पंकजला सगळं दाखवलं. दरवाजे सागवानी, अण्णांनी स्वतः पारखून घेतलेल्या लाकडाचे. मागची बोअर, मे महिन्यातही पाणी. पुढचा रस्ता बारा फुटी, ग्रामपंचायतीत नोंद. पोटमाळा. जिन्याखाली धान्याची जागा. पंकज आधी कंटाळला होता, आता त्याचा अंगठा मोबाइलवर भराभर चालला होता. आणि तेव्हाच सतीश दारातून आत आला. इतका वेळ तो मुकाट होता. त्याच्या बाजूनं तर सगळं सोन्यासारखं चाललेलं, मी जितकं चढवीन तितका त्याचा वाटा चढणार. पण मी म्हटलं, स्लॅबला नऊ वर्षांत थेंब गळला नाही साहेब, आणि त्याच्याच्यानं राहवलं नाही.

"गळला नाय कसा? जिन्याजवळ गळते ना. दोन पावसाळे बादली ठेवलेली मी."

"ती टाकीची नळी होती. स्लॅब नव्हता."

"नळी बदलली तरी गळत होता. साहेब, लिवून घ्या, जिन्याजवळ ओल हाय."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या मानेवरची शीर तटतटली होती. ती तशी तटतटलेली मी किती वर्षांनी बघत होते! मी म्हणाले, ओल नव्हे, रंग उडालाय, आणि तो रंग कुणी पसंत केला होता? तो म्हणाला, रंग मी केला पसंत, पण मागची खिडकी तू पश्चिमेला घेतलीस, दुपारी भट्टी होते त्या खोलीची, साहेब ता पण लिवा. मी म्हणाले, पश्चिमेला घेतली म्हणून माहुलीचा डोंगर दिसतो. डोंगर काय खायचा, तो म्हणाला. मी म्हणाले, खाऊ नकोस, बघ. तू बघितलास कधी? पंकज आमच्या मधोमध ते यंत्र धरून उभा, लाल ठिपका सतीशच्या सदऱ्यावर पडलेला. आम्ही त्याला घेऊन जिन्यावर चढलो, गच्चीवर गेलो, टाकीला वळसा घातला, परत खाली आलो, एक मिनिट तोंड बंद नाही. माझा घसा कोरडा पडला होता, पदर कमरेला कधी खोचला कळलं नव्हतं, आणि मी खूश होते. लपवून काय करू? मला इतकं बरं तीन वर्षांत वाटलं नव्हतं. घरात पुन्हा आवाज होता. शेजारची बाई वाल सोलायचं थांबवून कुंपणापाशी आली होती आणि मी तिच्याकडे बघून हात हलवला.

शेवटी पंकजनं यंत्र खिशात घातलं आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. भिडस्त मुलगा. म्हणाला, मी अशी पुष्कळ घरं बघितली, पण एक विचारू? "मॅडम, घर तुम्हीच ठेवणार आहात ना?"

हो म्हटलं.

"मग सर जे बोलत होते ते तुम्ही बोलायला पाहिजे होतं, आणि तुम्ही बोललात ते सरांनी."

त्यानं रिपोर्ट आठ दिवसांत देतो म्हणून सांगितलं. तोंडी सांगायचं तर आत येताना मनात अठरा-एकोणीस धरले होते, पण कॉलम, पाया, बोअर, रस्त्याची नोंद, एवढं सगळं कागदावर असताना त्याला ते सोडता येणार नाही. सव्वीसच्या आसपास जाईल. मग त्यानं फाटके मोजे पांढऱ्या बुटांत घातले आणि मोटारसायकल सुरू करून निघून गेला. सव्वीस. अर्धे तेरा. मी मघाशी जिथं उभी राहून बोअरचं पाणी वर्णन करत होते तिथंच उभी होते. अण्णा, मी सबंध बैल आपल्या तोंडानं महाग केला. शेपटीपासून शिंगापर्यंत. रांगोळी काढून केला. आता घर विकायचं. कुणीतरी मुंबईचा माणूस येणार, वीकेंडला राहायला, पश्चिमेची खिडकी बघून 'वा' म्हणणार आणि त्याला ते 'वा' परवडणार. मला रडू आलं नाही. अंगातला तो सगळा उत्साह जागच्या जागी उकळत राहिला, त्याला कुठे जायचं कळेना, आणि मी पुढच्या ओट्यावर येऊन धप्पदिशी बसले. रांगोळीवरच बसले.

सतीशनं आत जाऊन माठातलं पाणी आणलं. भांडं कुठे असतं ते त्याला आठवत होतं. मी प्यायले आणि विचारलं, मुद्दाम भाव पाडत होतास का रे, माझ्यासाठी? खरं सांग. तो म्हणाला, "नाय गो. तू एक बोललीस की उलटा बोलायची सवय." मला हसू आलं. त्यालाही आलं असतं, पण तो हसला नाही. तो माझ्यापासून हातभर अंतरावर बसला आणि अंगणातल्या चप्पलजोडांकडे बघत राहिला. मग म्हणाला, त्या माणसानं खिडकीखालची टाइल वाजवली, ती एकच पोकळ नाय. ती सुरुवात हाय. स्वयंपाकाच्या ओट्याच्या खालची सगळी बाजू तशीच जाणार. जोत्यात मुरूम भरायचा होता, चार डंपर. दोनच आले. बाकीच्या जागी मी शेतातली माती भरली, तू कामाला गेलेलीस तेव्हा, धोंडी त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाला गेलेला तेव्हा. ट्रॅक्टरनं एका दिवसात भरली आणि वरनं मुरमाचा थर पसरला. मी विचारलं, दोन डंपरचे पैसे गेले कुठे? त्यानं मानेनंच आत दाखवलं. टाइल. त्या कल्याणच्या दुकानातल्या, निळ्या फुलांच्या, ज्यांच्यापुढे मी अर्धा तास उभी राहिले होते आणि परवडत नाही म्हणून निघाले होते. आठ दिवसांनी तो घेऊन आला होता. दुकानदारानं कमी केले म्हणाला होता. आणि मी त्या टाइल गालाला लावून बघितल्या होत्या.

मी ओरडणार होते. तोंड उघडलंसुद्धा. पण ओरडण्याच्या आधी मला धोंडी दिसला. घर होऊन दोन वर्षं झाली तेव्हा खिडकीखालची फरशी दबली, बोटभर भेग पडली, आणि मी पेटले. गावातल्या हळदीच्या कार्यक्रमात, सगळ्या बायाबापड्यांसमोर, मी धोंडीला गाठून बोलले होते. आमचं घर तुम्ही नासवलंत मिस्त्री. भर नीट धुम्मसून, ठोकून बसवली नाहीत. ह्याला काम देऊ नका रे कुणी, असंही बोलले. धोंडी हळदीचा हात तसाच धरून उभा होता, साठीचा माणूस. म्हणाला होता, बाय, मी तशी कामं करत नाय. पुढे गावातली दोन कामं त्याची गेली, हे मला माहीत होतं. तो आमच्या दारावरून जायचा बंद झाला, वरच्या आळीतून वळसा घालून जातो, सात वर्षं. आणि त्या हळदीत सतीश माझ्या शेजारी उभा होता, हातात सरबताचा पेला घेऊन. एक शब्द बोलला नाही. मला वाटलं होतं, आपला नवरा आपल्या बाजूनं उभा आहे. त्याच आठवड्यापासून तो कमी बोलायला लागला होता आणि मी म्हणायची, गोदामाचं टेन्शन असेल. म्हणजे आमची भांडणं संपली ती टाइल-दरवाजे संपले म्हणून नव्हती संपली तर. एवढंसं कळायला मला सात वर्षं आणि एक रुपयाचं नाणं लागलं. संताप आला होता, कपाळात ठणके पडत होते, आणि त्याच्या आतून काहीतरी मोकळं होत होतं तेही मला कळत होतं. भेग कुठून आली ते आता माहीत होतं.

"व्हॅल्युअरला का नाय सांगितलंस?" मी विचारलं.

"तुला सांगायचा होता पहिला."

जत्रेत एक गोष्ट सगळ्यात वाईट समजतात. बैल मारका असला, लंगडा असला, काही असला तरी चालतो, पण खोड लपवून विकला तर त्या माणसाला पुढच्या वर्षी कुणी उपरण्याखाली हात देत नाही. आणि सौद्याआधी खोड सांगितली, तर भाव नव्यानं करायचा. मी उठले. दोरीवर वाळत घातलेला टॉवेल ओढला आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसले. हेतलमॅडम म्हणाल्याच होत्या की दोघांनी मान्य केलेला आकडा असेल तर रिपोर्टात काहीही असो, कोर्टाला चालतं. मी म्हणाले, हात दे. तुझ्या वाट्याचं, लाखातलं बोलतेय. त्याला कळायला वेळ लागला नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हशाला मीच त्याला शिकवलं होतं, जत्रेच्या गर्दीत, माझ्या ओढणीखाली. आमच्याकडे विकायला बैल नव्हता की घ्यायला पैसे. तेव्हा त्यानं विचारलं होतं, घर किती खोल्यांचं बांधायचं, बोल. मी तीन बोटं दाबली होती, त्यानं पंजा धरला होता, आणि कुल्फी वितळून जाईपर्यंत घासाघीस करून आम्ही चारवर आलो होतो. ह्या घराच्या खोल्या चार आहेत.

टॉवेलखाली त्याचा हात आला. खरबरीत, घामेजलेला. परक्यांचे पन्नास हात मी रोज धरते, आणि ह्या एका हाताला तीन वर्षं स्पर्श नव्हता. मी त्याचा पंजा धरला आणि वर चार बोटं दाबली. नऊ. माझ्याकडे आहे ते सगळं. तो थांबला. मग त्यानं माझा पंजा धरला आणि वर बोटं दाबली, तीन. मी परत नीट बघितलं, म्हणजे बोटांनी बघितलं. तीनच. आठ. विकणारा खाली उतरत होता! मला रागच आला. मी पंजा धरला, चार बोटं करकचून दाबली. दया नको मला. त्यानं तीन दाबली. मी चार. कुंपणापलीकडून शेजारीण मान उंच करून बघतेय, आमची तोंडं मख्ख, मधे निळा टॉवेल हलतोय. घेणारी चढवतेय आणि विकणारा पाडतोय, असा सौदा म्हशाच्या जत्रेत अण्णांनी आयुष्यात बघितला नसेल. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते. शेवटी मी त्याची चार बोटं एकत्र आवळून धरली, सोडलीच नाहीत, आणि तोंडानं बोलले, जे नियमात बसत नाही.

"मातीचं तू आपणहून सांगितलंस, म्हणून आकडा नऊ. पण एक अट हाय. आत्ता धोंडीकडे यायचं. बोलायचं तू."

त्याचा हात माझ्या मुठीत एकदा आखडला. मग सैल झाला. मग त्यानं उलटा माझा हात दाबला, पटलं म्हणून दाबतात तसा. टॉवेल ओढायला दलाल नव्हता. मग मीच तो ओढला. घर माझं झालं.

धोंडी वरच्या आळीत, घराच्या पडवीत बसून थापीची मूठ बसवत होता. मला बघून उठायला लागला, मग सतीशला बघून उठायचा थांबला. मी अंगणातच उभी राहिले, ठरल्याप्रमाणे. सतीश पडवीच्या पायरीपर्यंत गेला आणि उभ्यानंच सगळं बोलला, डंपर, ट्रॅक्टर, टाइल, हळदीतला सरबताचा पेला. एकदा आवाज फाटला, त्यानं खाकरून परत सुरुवात केली. धोंडी थापीकडे बघत ऐकत होता. सतीशचं झाल्यावर त्यानं थापीच्या मुठीवर अंगठा फिरवला. मग त्यानं विचारलं, "माती काळी टाकलेलीस का तांबडी?"

"काळी."

"मग बसणारच ती," धोंडी म्हणाला. त्यानं थापी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण मी ठरलेलं कधी पाळलंय? मी म्हणाले, मिस्त्री, चुकलं माझं. ज्या बायांसमोर बोलले त्या सगळ्यांना सांगेन, एकेकीच्या घरी जाऊन. त्यानं मान हलवली, हो नाही काही नाही, नुसती हलवली. मग म्हणाला, "मंग आता येऊ काय मी? ता उकरून मुरूम भराय पायजे. टाइल फुटू द्याची नाय, तशी मिळत नाय आता."

उद्याच या, मी म्हटलं. तो म्हणाला, उद्या नाय, उद्या म्हशाला जायचंय, जत्रा लागली. परवा येतो. मग सतीश पायरीवर बसला आणि दोघं मुरूम कुठून आणायचा ते बोलायला लागले. सतीश म्हणाला, एक डंपर पुरेल. मी अंगणातून म्हणाले, पुरणार नाही, दोन लागतील. तो म्हणाला, एक. आम्ही तिघं त्यावर असे अडकलो की सतीशची आसनगावची एसटी खालच्या रस्त्यानं निघून गेली, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.